पाहण्याचे मोल : दृष्टी देणाऱ्या वस्तूंच्या कथांना प्रस्तावना

जमिनीच्या पोटात काय दडले आहे, हा प्रश्न वर्धा नदीच्या खोऱ्यात कधीच नुसत्या कुतूहलाचा नव्हता. नागपूर-अमरावती महामार्गावरचे तळेगाव (श्यामजी पंत) आणि त्याच्या आसपासचा आष्टी, आर्वी, कारंजा (घाडगे) हा सगळा पट्टा घ्या. वर काळी माती, तिच्याखाली बेसॉल्टचा खडक, आणि पाणी मिळते ते त्या खडकाच्या भेगांत किंवा झिजून सच्छिद्र झालेल्या थरात. त्यामुळे धुऱ्याच्या अलीकडे विहिरीला झरे लागतात आणि पलीकडे कितीही खणले तरी दगडच हाती येतो. संत्र्याची बाग उन्हाळ्यात जगवायची तर खालचे वरून दिसले पाहिजे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणाड्याला बोलावणे जाते. तो तळहातावर नारळ ठेवून किंवा कडुनिंबाची दुबेळकी काडी दोन्ही हातांनी धरून वावरातून चालतो. नारळ उभा राहिला, काडी खाली वळली, की तिथे खूण होते आणि त्या खुणेवर कर्ज काढून बोअर मारली जाते. याच मातीच्या पोटात लोककल्पनेने आणखी एक गोष्ट ठेवली आहे, ती म्हणजे गुप्तधन. पडक्या वाड्याखाली किंवा जुन्या झाडाच्या बुंध्याशी मोहरांचा हंडा, त्याच्यावर राखण करणारा नाग, आणि तो हंडा ज्याला दिसतो असा पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. पायाळूच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की जमीन त्याला काचेसारखी होते, अशी ही समजूत. ती एकट्या विदर्भाची नाही. महाराष्ट्राच्या सर्व भागांत ती कमीअधिक फरकाने सापडते.

पुढच्या पानांत ज्या कथांचा विचार आहे त्या सगळ्या या अंजनाच्या कुळातल्या आहेत. न दिसणारे दाखवणारी वस्तू ही जगातल्या अद्भुतकथांची फार जुनी सामग्री आहे. कुठे ती आरसा असते, कुठे पेला, कुठे हस्तिदंताची नळी, कुठे काळा गोल दगड, कुठे डोळ्यांत घालायचे काजळ. जवळजवळ प्रत्येक कथेत ती वस्तू हाती आली की काहीतरी वाईट घडते. का घडते, याचे रूढ उत्तर असे की वस्तू फसवी असते, ती खोटे दाखवते, आणि माणूस त्या खोट्यावर विश्वास ठेवून बुडतो. हे उत्तर सोयीचे आहे, पण कथा नीट वाचल्या तर टिकत नाही. बहुतेक कथांत वस्तू खरे तेच दाखवते. धोका दुसरीकडे आहे. साध्या डोळ्यांनी पाहायचे तर माणसाला तिथवर चालत जावे लागते, वेळ द्यावा लागतो, पाहिलेल्याचा अर्थ लावावा लागतो, स्वतः दुसऱ्याला दिसण्याचा धोका पत्करावा लागतो. दृष्टी देणारी वस्तू हे सगळे कष्ट वाचवते. पण कष्ट वाचले म्हणून मोल संपत नाही. ते फक्त पाहणाऱ्याच्या खांद्यावरून उतरते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसते. या कथा खोलवर याच गोष्टीची जाणीव ठेवतात, असे माझे म्हणणे आहे. म्हणून अशा प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचा प्रश्न एकच : जो पाहतो आहे तोच त्याचे मोल देतो आहे का?

मराठीपुरते पाहायचे तर या कल्पनेचा एक अत्यंत जुना आणि उजळ पुरावा ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, आरंभीच्या सद्गुरुवंदनात, अंजनाचा दृष्टान्त येतो : डोळ्याला अंजन लाभले की दृष्टीला नवा फाटा फुटतो आणि जिकडे पाहावे तिकडे भूमीतला मोठा ठेवा उघड होतो. यावरून दोन गोष्टी कळतात. तेराव्या शतकातल्या श्रोत्याला धन दाखवणाऱ्या अंजनाची कल्पना इतकी परिचित होती की ती समजावून सांगायची गरज नव्हती. आणि ज्ञानदेवांनी ती परिचित कल्पना उचलून तिचा रोख पार बदलला. त्यांच्या दृष्टान्तात अंजन म्हणजे गुरुकृपेने आलेला विवेक, आणि ठेवा म्हणजे ज्ञान. हे अंजन ज्याच्या डोळ्यांत पडते त्यालाच बदलावे लागते. तिथे दुसऱ्याच्या घरात खड्डा खणावा लागत नाही, कोणाचा बळी द्यावा लागत नाही, आणि सापडलेला ठेवा वाटल्याने कमी होत नाही. लोकसमजुतीतले अंजन आणि ज्ञानेश्वरीतले अंजन यांच्यातला हा फरक या सगळ्या विषयाची किल्ली आहे.

धनाच्या शोधाची दुसरी बाजू पंचतंत्रात आहे. पाचव्या तंत्रात दारिद्र्याने गांजलेल्या चार ब्राह्मणांना भैरवानंद नावाचा सिद्ध चार वाती देतो. जिथे वात हातून गळून पडेल तिथे खणायचे, धन मिळेल. पहिल्याची वात पडते तिथे तांबे निघते, दुसऱ्याची पडते तिथे रुपे, तिसऱ्याची पडते तिथे सोने. प्रत्येक जण मिळाले त्यात समाधान मानतो. चौथा मात्र पुढे जातो, कारण तांब्यानंतर रुपे आणि रुप्यानंतर सोने आले तर पुढे रत्नेच असणार. पुढे त्याला डोक्यावर चक्र फिरत असलेला, रक्ताने न्हालेला एक माणूस भेटतो. हे काय आहे, असे तो विचारतो आणि त्याच क्षणी चक्र त्या माणसाच्या डोक्यावरून उडून त्याच्या डोक्यावर बसते. आता असाच वात घेतलेला दुसरा लोभी येऊन प्रश्न विचारेपर्यंत सुटका नाही. लक्षात घ्यायची गोष्ट ही की वाती एकदाही खोट्या ठरत नाहीत. त्या सांगतात तिथे सांगितले तेच निघते. कथाकाराने ठेवलेला इशारा चक्रात आहे. मोल फिरते राहते, ते कोणाच्या तरी डोक्यावर असावेच लागते, आणि आधीच्याची सुटका नंतरच्याच्या रक्ताने होते. लोभी माणूस शेवटी स्वतःच सापडतो, हा कथेचा न्याय आहे. जगात हा न्याय क्वचितच इतका नेमका असतो, हे पुढे दिसेल.

महाभारतातली दिव्यदृष्टी ही या विषयावरची सर्वांत गंभीर भारतीय मांडणी आहे, आणि ती लोकांच्या समजापेक्षा वेगळी आहे. युद्धापूर्वी व्यास धृतराष्ट्राला डोळे देऊ करतात. धृतराष्ट्र ते नाकारतो. स्वजनांचा संहार पाहायची आपली इच्छा नाही, पण युद्ध कसे झाले ते सविस्तर ऐकायचे आहे, असे तो म्हणतो. मग व्यास ती शक्ती संजयाला देतात. संजय हस्तिनापुरात राजाशेजारी बसून घडते आहे तेव्हाच रणांगणाचे वर्णन करतो, असे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. मूळ भीष्मपर्वात मात्र संजय रणातून घाईने परत येतो आणि भीष्म पडल्याची बातमी आधी देतो. त्यानंतर मागे जाऊन सगळी हकिगत सांगतो. शल्यपर्वात तर तो सात्यकीच्या हाती सापडतो, त्याचा वध व्हायच्या बेतात असतो, आणि व्यास आडवे येतात म्हणून वाचतो. म्हणजे ज्याला दिव्यदृष्टी मिळाली त्याला रणभूमी टळली नाही. जे पाहिले ते त्याने जवळून पाहिले, जिवाशी खेळून पाहिले, आणि राजाच्या तोंडावर दोष राजाचाच आहे हे बोलून दाखवले. दुर्योधन मेल्यावर ती दृष्टी नाहीशी झाली, असेही सौप्तिकपर्वात तोच सांगतो. ती एका कामासाठी होती, काम संपताच गेली. धृतराष्ट्राचे नेमके उलट झाले. त्याला सगळे कळत होते, पर्वामागून पर्व कळत होते, पण कळण्याचे कोणतेही ओझे त्याने उचलले नाही. मोल दिले ते त्याच्या मुलांनी आणि दोन्ही बाजूंच्या असंख्य सैनिकांनी. डोळे नाकारूनही सगळे जाणून घेण्याची इच्छा धरणारा हा राजा मला जादूच्या आरशासमोर बसलेल्या सर्व पात्रांचा पूर्वज वाटतो.

मग पाहणे चांगल्या मार्गाने जाते ते केव्हा? याचे उत्तर वेताळाने राजाला सांगितलेल्या एका कथेत आहे. सोमप्रभा नावाच्या मुलीला तीन वर ठरतात, कारण बाप, आई आणि भाऊ तिघेही वेगवेगळ्यांना शब्द देऊन बसतात. एकाला विमान बनवण्याची विद्या येते, एकाला दूरचे आणि दडलेले दिसते, एक शूर आहे. राक्षस मुलीला पळवून नेतो. ज्ञानी सांगतो की ती विंध्याच्या रानात आहे, दुसऱ्याचे विमान तिघांना तिथे नेते, आणि शूर राक्षसाशी लढून तिला सोडवतो. मुलगी कोणाची, या वेताळाच्या प्रश्नावर राजाचा निर्णय शूराच्या बाजूने जातो, कारण जीव त्याने पणाला लावला, बाकीचे दोघे साधन झाले. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने ज्या कथापरंपरेची मराठी वाचकाला ओळख झाली, तिच्यातली अहमद आणि परी बानूची कथा याच घडणीची आहे. तीन राजपुत्रांपैकी एकाकडे हवे ते दाखवणारी हस्तिदंताची नळी, एकाकडे उडता गालिचा, एकाकडे रोग बरे करणारे सफरचंद. नळीतून आजारी राजकन्या दिसते, गालिचा तिघांना पोहोचवतो, सफरचंद तिला वाचवते. तिथे सुलतानाला निवाडा करता येत नाही, कारण तिन्ही वस्तूंवाचून ती वाचली नसती. दोन्ही कथांचे निकाल वेगळे आहेत, पण एका बाबतीत त्या सहमत आहेत. नुसती नळी हाती असती तर राजपुत्राने राजकन्येला मरताना पाहिले असते, इतकेच. पाहिल्यावर जो तिथवर जातो आणि आपल्याजवळचे काही देतो, त्याच्याच हाती दृष्टी कल्याणकारी ठरते.

युरोपातल्या कथांत हाच धागा वेगळ्या रंगात येतो. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या आणि आपल्याकडे हिमगौरी म्हणून रुळलेल्या कथेतला आरसा अत्यंत प्रामाणिक आहे. राणी विचारते, तो खरे सांगतो. पण त्या खऱ्याचे मोल देण्यासाठी एका मुलीला रानात पाठवले जाते. विसाव्या शतकात टॉल्किनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये या कल्पनेला सर्वांत पूर्ण रूप दिले. त्याचे पालांतीर हे दूरचे दाखवणारे दगड आहेत. ते मुळात संवादासाठी घडवलेले. पण त्यातला एक शत्रूच्या हाती गेल्यामुळे दुसऱ्या दगडात पाहणारा काय पाहील यावर शत्रूचा प्रभाव पडू लागतो. सारुमान हा जादूगार त्यात गुरफटून आपली निष्ठा गमावतो. डेनेथॉर हा कारभारी तर आणखी विचारात टाकणारा आहे, कारण त्याला दिसते ते खोटे नसते. नदीतून काळ्या शिडांची गलबते येत आहेत, हे खरेच असते. पण त्या गलबतांवर शत्रू नसून मदत आहे, हे दगड त्याला सांगत नाही. अर्धे सत्य पाहून तो आशा सोडतो, चिता रचायला लावतो आणि तापात निपचित पडलेल्या आपल्या जिवंत मुलालाही त्या चितेवर चढवायला निघतो. दृष्टी बापाची आणि चिता मुलाची, ही टॉल्किनची जोडणी मला योगायोगाची वाटत नाही. पंचतंत्रातले चक्र इथे पुन्हा फिरते आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा. त्याच कादंबरीत अ‍ॅरागॉर्न हा राजगादीचा वारस पालांतीर वापरतो आणि त्याला यश येते. मग दोष वस्तूचा कसा? वस्तू सुरीसारखी असते. हात चांगला असेल तर ती भाजी चिरते, वाईट असेल तर गळा. आक्षेप वजनदार आहे, पण अ‍ॅरागॉर्नने नेमके काय केले ते पाहिले की त्याचे वजन दुसऱ्या पारड्यात पडते. तो दगडात चोरून पाहत नाही. तो स्वतःला शत्रूच्या नजरेसमोर उघड करतो, मुद्दाम करतो, म्हणजे शत्रूचे लक्ष आणि त्याचा रोष आपल्यावर यावा आणि दूरवर चाललेल्या दुबळ्या साथीदारांना वाट मिळावी. पाहण्याचे मोल तो स्वतःच्या खात्यावर लिहून घेतो. म्हणजे फरक केवळ हाताच्या चांगुलपणाचा नाही. डेनेथॉरही वाईट माणूस नव्हता; आपल्या नगरासाठी तो रात्र-रात्र जागत होता. उंच मनोऱ्यात एकट्याने, कोणाला न सांगता, न दिसता पाहायची सोय त्या दगडाने त्याला दिली आणि तीच सोय त्याला खात गेली. सुरीची उपमा इथे अपुरी पडते, कारण सुरी हातात असताना आपण कापतो आहोत हे माणसाला कळत असते. दृष्टी देणारी वस्तू हाती असताना आपण काहीच करत नाही, नुसते पाहतो आहोत, असे त्याला वाटत राहते.

दुसरा आक्षेप असा की या शेवटी गोष्टी आहेत. करमणुकीच्या साहित्यावर एवढे तत्त्वज्ञान लादायचे कारण काय? या आक्षेपाला महाराष्ट्राच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि संततीसाठी दिलेले बळी म्हणून त्या हत्याकांडाची आठवण महाराष्ट्रात आजही काढली जाते. तिथे चक्र लोभी माणसाच्या डोक्यावर बसले नाही. आधी ते खेळत्या पोरींवर बसले. अशा अंधश्रद्धांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. या कायद्याच्या अनुसूचीत, गुप्तधन, मौल्यवान वस्तू किंवा पाण्याचे साठे शोधण्याच्या नावाखाली केलेल्या अमानुष आणि अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. एकविसाव्या शतकात एका राज्याच्या विधिमंडळाला गुप्तधन हा शब्द कायद्यात लिहावा लागतो, तेव्हा अंजनाची कथा केवळ करमणूक उरत नाही.

इथून तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे त्या विवेकवादी परंपरेचा आहे. अशा कथा मुळातूनच टाकून द्याव्यात, कारण त्याच समजुतींना खतपाणी घालतात, असे ही परंपरा म्हणू शकेल. तळेगावहून अमरावतीकडे निघाले आणि वर्धा नदी ओलांडली की मोझरी लागते, जिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. ग्रामगीतेत त्यांनी गावाला चमत्कारांच्या मागे न लागता कष्ट आणि ज्ञान यांचा मार्ग सांगितला. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून प्रश्न विचारून विचारून भोळेपणाची टरफले काढली. हा वारसा असलेल्या भागात जादूच्या आरशांवरचे पुस्तक कशासाठी, असे कोणी विचारले तर ते योग्यच आहे. माझे उत्तर असे की मांत्रिक गोष्ट सांगत नाही, तो गोष्टीचा पूर्वार्ध विकतो. वात पडते आणि सोने निघते, इथे तो थांबतो. चक्राचा भाग तो गाळतो. पायाळूला हंडा दिसतो हे तो सांगतो; हंड्याने काय मागितले हे गिऱ्हाइकाला फार उशिरा कळते. पूर्ण कथा ज्याला माहीत आहे, त्याला हा पूर्वार्ध विकणे कठीण जाते. लोकांच्या आठवणीतून उत्तरार्ध पुसला जातो तेव्हाच भोंदूचे दुकान चालते. म्हणून कथा टाकून देण्यापेक्षा ती शेवटापर्यंत सांगणे हेच विवेकाचे काम आहे, असे मी मानतो. कथा म्हणून कथा आणि दावा म्हणून दावा, ही सीमा मात्र कधी पुसू द्यायची नाही. अंजनाने धन दिसते हा दावा खोटा आहे. अंजनाची कथा मात्र लोभाबद्दल खरे बोलते.

चौथा आक्षेप सर्वांत आधुनिक आहे. विज्ञानाने दिलेली दृष्टीही याच तराजूत तोलायची का? दुर्बीण, क्ष-किरण, उपग्रह ही सर्व न दिसणारे दाखवणारी साधने आहेत आणि त्यांनी मानवजातीचे भले केले आहे. हे निर्विवाद खरे आहे. विज्ञानाची दृष्टी तपासता येते, दुसऱ्याला पुन्हा पाहता येते, चूक असेल तर सुधारता येते. अंजनाला यातले काही जमत नाही. तरीही वस्तू खरे दाखवते म्हणून ती निर्धोक असते, हा समज महाराष्ट्रात एका यंत्राने मोडून काढला. सोनोग्राफी गर्भातले खरे चित्र दाखवते आणि तिने असंख्य माता आणि बाळे वाचवली. पण तेच खरे चित्र मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी वापरले गेले. या गैरवापराविरुद्ध १९८८ साली कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदे असूनही राज्यातले शून्य ते सहा वयोगटातले प्रमाण दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. बीड जिल्ह्यात तर ते ८०७ होते. यंत्र खोटे बोलत नव्हते. पाहणाऱ्याने पाहिले, आणि मोल दिले ते जन्मालाही न आलेल्या मुलीने. हिमगौरीच्या राणीचा आरसा याहून वेगळे काय करत होता? आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारे समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले, तेव्हा त्यामागे मोबाइलवरून पसरलेल्या अफवा होत्या. हातातल्या पडद्याने दूरचे भय गावात आणले. समोर उभी असलेली माणसे कोण आहेत, हे जवळ जाऊन विचारण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

तेव्हा पाहणेच सोडायचे का? अजिबात नाही. मराठीच्या इतिहासात याचे सुंदर उलट उदाहरण आहे. इराणी परंपरेत जमशेद राजाच्या पेल्यात सारे जग दिसते, अशी कथा आहे. १८३२ साली मुंबईत पारशी समाजाने जे वृत्तपत्र काढले त्याला या पेल्याचेच नाव दिले, ‘जाम-ए-जमशेद’. त्याच वर्षी, ६ जानेवारीला, त्याच शहरात बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतले पहिले वृत्तपत्र सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘दर्पण’. एकाच वर्षी एकाच शहरात दोन वृत्तपत्रांनी आपली नावे दृष्टी देणाऱ्या वस्तूंवरून घ्यावीत, यात त्या काळाची आशा दिसते. पण हा आरसा राणीच्या महालातला नव्हता, तो चावडीवर टांगलेला होता. त्यात जे दिसेल ते सर्वांना एकदम दिसणार होते, आणि दाखवणाऱ्याला त्याची जबाबदारी घ्यावी लागणार होती. उलट २००३ साली अमेरिकेत माहितीचे विश्लेषण करणारी एक कंपनी स्थापन झाली, गुप्तचर आणि लष्करी यंत्रणा तिच्या ग्राहक झाल्या, आणि तिने नाव निवडले ते टॉल्किनच्या दगडाचे, पॅलंटिर. जो पाहतो तो दिसत नाही आणि जो दिसतो त्याला आपण दिसतो आहोत हे कळत नाही, ही मनोऱ्यातल्या दगडाची रचना आहे. नाव निवडणाऱ्यांनी मूळ कथेचा उत्तरार्ध विसरू नये, एवढीच अपेक्षा.

आता या सगळ्याला एक शेवटची हरकत घेता येईल : मोल कोण देतो हा निकष फार सोपा आहे, डेनेथॉर शेवटी स्वतःही जळाला, पंचतंत्रातला लोभीही सापडला, मग मोल पाहणाऱ्यावरच पडले ना? पडले, पण ते त्यांनी दिले नाही, त्यांच्याकडून वसूल झाले. या दोन्हींत फार अंतर आहे. आधी देणारा माणूस पाहण्यापूर्वी विचार करतो की मला हे पाहायची गरज काय आणि पाहिल्यावर मी काय करणार आहे. ज्याच्याकडून मागाहून वसुली होते तो तोवर दुसऱ्यांना खड्ड्यात लोटून मोकळा झालेला असतो. संजय पहिल्या प्रकारचा, धृतराष्ट्र दुसऱ्या. या पुस्तकातली प्रत्येक कथा वाचताना वाचकाने हा फरक मनाशी धरावा, एवढीच विनंती आहे. कथेत कोण पाहते आहे, कुठून पाहते आहे, आणि त्या क्षणी कोण रानात, चितेवर किंवा खड्ड्याच्या काठावर उभे आहे, हे शोधावे. चमत्कार किती मोठा हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात जमिनीच्या पोटातल्या पाण्याने केली होती, तिथेच परत यायला हवे. पाणाड्याची खूण चुकली तर नारळाचे काही जात नाही, पाणाड्याचेही नाही. कर्ज शेतकऱ्याच्या सातबारावर राहते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, खडकाचा आणि विहिरींच्या पातळीचा अभ्यास आहे, आणि तो वापरणे हेच शहाणपण आहे. पण मला आणखी एक साधन इथे आठवते. पाणलोटाच्या कामात दोन काड्या आणि एक आडवी काडी बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट करतात, मधोमध दोरीला दगड लटकवतात, आणि ती उतारावर टेकवत टेकवत समपातळीची रेषा आखतात. ही रेषा डोळ्याला दिसत नसते. चौकट ती दाखवते. तीही दृष्टी देणारी वस्तूच आहे, आणि तिच्यात जादूचा लवलेश नाही. पण रेषा दिसली की तिच्यावर चर खणावा लागतो, आणि तो ज्याने पाहिली त्यालाच खणावा लागतो. आष्टीला लागून असलेल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा गावाने २०१७ साली श्रमदानाने जलसंधारणाची कामे करून सत्यमेव जयते वॉटर कपचा पहिला पुरस्कार मिळवला. तिथल्या माणसांनी डोळ्यांत अंजन घातले नाही. खाली पाणी कुठे आहे हे पाहण्याऐवजी पाणी खाली कसे जाईल हे त्यांनी पाहिले, आणि पाहण्याचे मोल उन्हात, टिकाव-फावड्याने, स्वतः चुकते केले. ज्ञानदेवांनी दृष्टान्तात सांगितलेले अंजन असेच काहीतरी असावे.

तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा